विहाराच्या मागची विहीर

संजना दोंदे सिन्नरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायची आणि राहायला नाशिकला, सातपूरच्या कारखान्यांमागच्या मैत्री कॉलनीत होती. सकाळी एसटीने जायचं, दुपारी परत यायचं. नोकरी सांभाळत तिने पीएचडीचा प्रबंध पुरा केला होता आणि आता फक्त तोंडी परीक्षा बाकी होती. विषय होता एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचा पाणीपुरवठा.

"दारात गोदावरी असताना तुला मुंबईचे नळ कशाला पाहिजेत, ताई?" असं तिचा धाकटा भाऊ संघर्ष चिडवायचा. वडील बुद्धभूषण मात्र कारखान्यातून रिटायर झाल्यापासून भेटेल त्याला सांगायचे, "आमची संजना पाण्याची डॉक्टर होतेय."

शेजारच्या धोंडाबाईंना तिने एकदा सगळं समजावून सांगितलं होतं. मुंबई म्हणजे बेट, चहूकडे खारं पाणी. प्यायला विहिरी आणि दानशूर लोकांनी बांधलेले तलाव. बंदर वाढलं, माणसं वाढली, आणि उन्हाळ्यात तलावांचे तळ दिसायला लागले. एका वर्षी तर बाहेरून गाड्यांनी आणि होड्यांनी पाणी आणायची वेळ आली. मग सरकारने लांब डोंगरात विहारला धरण बांधलं आणि लोखंडी नळांतून पाणी शहरात आणलं.

"विहारात?" धोंडाबाईंनी विचारलं. "आपल्यावानी?"

"नाही हो आजी, त्या गावाचंच नाव विहार."

"मंग चांगलं नाव हाय," धोंडाबाई म्हणाल्या.

प्रबंधात संजनाने एक बाजू ठामपणे घेतली होती. विहारचं पाणी आलं, तरी कितीतरी लोक आपल्या विहिरी सोडायला तयार नव्हते. विहिरींच्या शेजारून गटारं वाहतात, या पाण्याने रोग पसरतात आणि लोकांना ते कळत नाही, असा इंग्रज अधिकाऱ्यांच्या लिखाणाचा एकंदर सूर. संजनाचं म्हणणं होतं की लोक अडाणी नव्हते. ज्या सरकारने आपल्याला काही विचारलं नाही त्याच्या नळावर त्यांनी भरवसा का ठेवावा? त्या जुन्या विहिरींवर सगळ्यांना पाणी भरू देत नव्हते, हेही तिने लिहिलं होतं. कोण काठावर उभं राहायचं आणि कोण लांब, यावर एक वेगळं प्रकरणच होतं. तरी विहीर ठेवायची की नाही हे वस्तीने ठरवायचं, साहेबाने नाही, हे तिचं मत पक्कं होतं.

या मतामागे घरचं कारणही होतं. मैत्री कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या मागे एक विहीर होती. ऐंशीच्या दशकात सातपूरच्या कारखान्यांत लागलेल्या काही कुटुंबांनी मिळून इथे प्लॉट घेतले, तेव्हा आसपास नुसतं माळरान होतं आणि नळ पोचायला बरीच वर्षं होती. मग लोकांनी सुट्टीच्या दिवशी स्वतःच विहीर खणली. धोंडाबाईंचे यजमान सहादू पहार चालवायचे आणि धोंडाबाई डोक्यावरून मुरमाची घमेली वर आणायच्या. लहानपणी गोदाकाठच्या एका खेड्यात त्या घागर घेऊन विहिरीपासून लांब उभ्या राहिल्या होत्या, कोणी वरून पाणी ओतेल याची वाट बघत. स्वतःच्या विहिरीत पहिल्यांदा बादली सोडली तेव्हा त्या रडल्या होत्या, असं कॉलनीतले जुने लोक सांगायचे. धोंडाबाई स्वतः ते कधीच कबूल करत नसत.

आता घरोघरी नळ होता, पण विहिरीवर मोटर बसवलेली होती आणि तिचं पाणी विहाराच्या गच्चीवरच्या टाकीत चढायचं. अंगणात खेळणारी पोरं टाकीच्या नळांनाच तोंड लावून पाणी प्यायची. धोंडाबाई आणि त्यांच्या वयाच्या दोन-चार बाया तर पिण्यासाठी घरीही तेच पाणी न्यायच्या. नळाच्या पाण्याने डाळ शिजत नाही, हे त्यांचं ठरलेलं.

सप्टेंबरात पिंकी आजारी पडली. पिंकी ही संघर्षची मुलगी, तिसरीत शिकणारी. आधी दोन दिवस ताप, मग उलट्या, मग जेवणाकडे बघवेना. एका सकाळी तिची आई तिला वेणी घालत होती आणि एकदम थांबली.

"ताई, जरा इकडे या. हिचे डोळे बघा."

डोळे पिवळे होते.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कावीळ जास्त आहे, ॲडमिट करा, असं सांगितलं. संध्याकाळपर्यंत कळलं की कॉलनीतली आणखी तीन मुलंही तशीच आहेत. डॉक्टर म्हणाले, "दूषित पाण्याने होते ही. मुलं कुठलं पाणी पितात ते बघा, आणि ते आधी बंद करा."

कॉलनीच्या सोसायटीचे अध्यक्ष यादव पगारे यांनी दुसऱ्याच दिवशी विहाराच्या सभामंडपात मीटिंग बोलावली. यादवकाका एका सरकारी कचेरीत क्लार्क होते, कामाला खरे, पण गेली दोन वर्षं त्यांच्या डोक्यात एकच विचार होता. विहीर बुजवायची आणि तिथे गाड्या लावायला जागा करायची. गल्लीत मोटारसायकली मावत नव्हत्या, रोज भांडणं व्हायची, त्यामुळे त्यांच्या बाजूनेही बोलणारे होते.

"आता तरी ऐका," यादवकाका म्हणाले. "पोरं दवाखान्यात पडलीत. उद्या ट्रॅक्टर लावून मुरूम टाकू आणि विषय संपवू."

"बुजवा म्हंजे?" धोंडाबाई उभ्या राहिल्या. "चाळीस वरीस आम्ही हेच पाणी पितो. आम्ही मेलो का?"

गलका झाला. संजना रात्रभर दवाखान्यात बसून तशीच आली होती. तिला पिंकीचा पिवळा चेहरा दिसत होता, आणि त्याच वेळी ट्रॅक्टरचंही चित्र दिसत होतं. ती उठली आणि तिच्या तोंडून प्रबंधातलं सगळं बाहेर पडलं.

"काका, शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत हेच झालं. रोग आला की पहिलं बोट विहिरीकडे. नळाचं पाणी तपासलं का कोणी? पाइप कुठे फुटलाय का बघितलं? विहिरीला मालक नसतो, म्हणून तिला दोष देणं सोपं असतं. पाणी तपासल्याशिवाय मुरमाचं एक घमेलंसुद्धा पडता कामा नये."

टाळ्या पडल्या. धोंडाबाईंनी पदराने डोळे टिपले. ठरलं की नळाचं आणि विहिरीचं, दोन्ही पाणी तपासायला द्यायचं आणि तोवर सगळ्यांनी उकळून प्यायचं.

संघर्ष त्या मीटिंगला नव्हता. दवाखान्यात त्याला कोणीतरी फोनवरून सांगितलं असावं, कारण संजना डबा घेऊन गेली तेव्हा तो तिच्याशी बोललाच नाही. पिंकीला सलाइन लागलं होतं. बऱ्याच वेळाने तो व्हरांड्यात येऊन म्हणाला,

"ताई, तुझा इतिहास तुझ्यापाशी ठेव. ती विहीर विषारी निघाली ना, तर मी कोणाला विचारायला थांबणार नाही. मी स्वतः बुजवीन."

संजनाने डबा त्याच्या हातात दिला आणि ती आत पिंकीजवळ जाऊन बसली.

तपासणीचा निकाल बुद्धभूषणांनी आणला. ते प्रयोगशाळेतून बसने आले, चपला काढल्या, पाणी मागितलं आणि ते प्यायच्या आधीच म्हणाले, "नळाचं चांगलं आहे. विहिरीचं प्यायला योग्य नाही."

"किती वाईट आहे, पप्पा?"

"तिथला माणूस म्हणाला, मैल्याचे जंतू आहेत."

संजना खुर्चीत बसली. तिला आधी लाज वाटली, मग भीती. तिच्या बोलण्यामुळे मधल्या दिवसांत आणखी कोणी ते पाणी प्यायलं असेल तर? उकळून प्या असं ठरलं होतं खरं, पण पोरं कुठली उकळून पिणार! ती तशीच उठली, विहारात गेली, गच्चीवर चढली आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. खाली येऊन नळांच्या तोट्याच काढल्या आणि ओढणीत बांधून घरी आणल्या. मग यादवकाकांना फोन केला.

"काका, विहिरीचं पाणी खराब निघालं. मी चुकले होते. टाकी बंद केलीय."

तिला वाटलं, आता ऐकवतील. पण यादवकाका म्हणाले, "बरं केलंस. संध्याकाळी बसू."

"त्याच्या आधी मला एकदा आजींकडे जाऊ द्या. त्यांना मीटिंगमध्ये कळायला नको."

धोंडाबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. संजना त्यांच्याजवळ खाली बसली, दोन पाकळ्या तिनेही सोलल्या. मग जे होतं ते सांगितलं. आडवळण घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर तिला पुढे बोलताच आलं नसतं.

धोंडाबाईंचे हात थांबले.

"आपली हीर?"

"हो आजी."

"त्या पोरीला आपल्या हिरीनं..." त्यांनी हातातली पाकळी सुपात टाकली. मग म्हणाल्या, "मी रोज तिला हाक मारून पाणी द्यायची गं. पिंके, उन्हातनं आली, ये पाणी पी. माझ्याच हातानं."

हे संजनाच्या मनातही आलं नव्हतं. आजी विहिरीसाठी भांडतील, रागावतील, निकाल खोटा म्हणतील, अशी तिने तयारी ठेवली होती. तिने त्यांचा लसणाचा वास येणारा हात धरला.

"आजी, तुम्ही तेच पाणी प्यायलात. मोठ्यांना ही कावीळ बहुतेक लहानपणीच होऊन गेलेली असते, म्हणून तुम्हाला काही झालं नाही, असं डॉक्टर म्हणाले. तुम्हाला कुठून कळणार होतं?"

"पोरगी बरी हाय ना?"

"उलट्या थांबल्यात. आज पेज प्यायली थोडी."

धोंडाबाईंनी मोठा श्वास घेतला. सूप बाजूला सारलं. "मंग बुजवा. मी आडवी नाय येत. पोरापरीस हीर मोठी नाय."

ती म्हणाली, "बुजवायची घाई नको, आजी. पिणं बंद करू आज. पण घाण कुठून आली ते बघायला पाहिजे. विहीर तीच, पाणी तेच, मग आत्ताच काय झालं?"

संध्याकाळच्या मीटिंगला संघर्षही आला. पिंकीची आई दवाखान्यात थांबली होती. संजनाने सगळ्यांसमोर सांगितलं की मागच्या वेळी ती जे बोलली ते तपासल्याशिवाय बोलली, आणि मुंबईच्या विहिरींवरून मैत्री कॉलनीची विहीर चांगली ठरत नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक-दोघांनी माना हलवल्या.

"मग ट्रॅक्टर सांगू का?" यादवकाकांनी विचारलं.

"काका, एक प्रश्न आहे. विहिरीच्या जवळ नवीन काय झालं अलीकडे?"

सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी सभामंडप वाढवला तेव्हा पाहुण्यांसाठी मागे संडास बांधले होते आणि त्यांचा शोषखड्डा विहिरीच्याच अंगाला काढला होता. ते काम यादवकाकांच्या देखरेखीखाली झालं होतं. त्यांचा चेहरा पडला.

"म्हणजे आता सगळं माझ्यावर," ते हळू आवाजात म्हणाले. "देणगी मागत दारोदार मी फिरलो. तेव्हा कोणी म्हणालं नाही, खड्डा लांब घ्या म्हणून."

"आम्ही कोणीच म्हणालो नाही," बुद्धभूषण म्हणाले. "मी तर नारळ फोडायला होतो."

संजना म्हणाली, "कोणावर घालायचं नाहीये, काका. तिथूनच येतंय हेही अजून माहीत नाही. ते कसं कळेल तेवढं बघू."

तेव्हा मागून संघर्ष पहिल्यांदा बोलला. "कळेल की. कंपनीत आम्ही गळती शोधायला पाण्यात रंग टाकतो. संडासात रंग सोडायचा आणि विहिरीकडे बघत बसायचं. उतरला तर उतरला."

"कुठे मिळेल रंग?" यादवकाकांनी विचारलं.

"मी आणतो." आणि मग संजनाकडे न बघता तो म्हणाला, "बघून मगच बुजवू."

रविवारी सकाळी त्याने त्या रंगाची पूड आणली. हिरवट पिवळी, चिमूटभर पुरे अशी. संडासात टाकून चारी नळ मोकळे सोडले. नंतर विहिरीभोवती जवळजवळ सगळी कॉलनी जमली. आधी गर्दी होती, मग लोक कंटाळून जेवायला गेले. संघर्ष, संजना आणि यादवकाका तेवढे कठड्याला टेकून राहिले. यादवकाका सारखे खाली वाकून बघायचे आणि सरळ होऊन म्हणायचे, "काही दिसत नाही." पावसाळा सरत आला होता, पाणी बरंच वर होतं, कपारीतून फर्नचे कोंब फुटलेले. ऊन उतरायला लागलं तेव्हा संघर्षने मोबाइलची बॅटरी लावून पूर्वेच्या भिंतीवर झोत टाकला.

"ताई. तिथे बघ."

दगडांच्या सांध्यातून एक बारीक ओघळ येत होता. पोपटाच्या पंखासारखा हिरवागार.

यादवकाका खालीच बसले. त्यांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. संजनाला वाटलं त्यांना चक्कर आली, पण ते म्हणाले, "संघर्ष, तुझ्या पोरीची माफी कशी मागू रे मी?"

संघर्षचा राग या सगळ्या दिवसांत कुठेतरी साठून राहिला होता. तो आता निघेल असं संजनाला वाटलं. पण त्याने यादवकाकांना काखेत हात घालून उठवलं.

"काका, तिला आज सुट्टी देणारेत. घरी आली की चॉकलेट आणा. सध्या खायचं नाही, पण बघून खूश होईल."

यादवकाका हसले की रडले ते कळलं नाही. पण संजनाला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं.

पुढचं काम लांबलं. संडास बंद केले, खड्डा उपसून भरून टाकला आणि दुसरा पार रस्त्याच्या बाजूला काढला. विहीर उपसली, भिंतींचे सांधे सिमेंटने भरले, पाण्यात जंतू मारायची टीसीएल पावडर टाकली. उपसताना गाळातून दोन चेंडू, एक पितळी तांब्या आणि कोणाची तरी चप्पल निघाली. वर लोखंडी जाळी बसवली. त्यानंतर पाणी पुन्हा तपासायला दिलं, तर निकाल पुन्हा वाईट आला. धोंडाबाई दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. यादवकाका म्हणाले, अजून एकदा उपसू. जो माणूस ट्रॅक्टर आणायला निघाला होता तोच आता सकाळ-संध्याकाळ जाळीतून डोकावून बघायचा, याचं कॉलनीत हसू झालं, पण त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं.

याच गडबडीत दिवाळीच्या सुट्टीआधी संजनाची तोंडी परीक्षा आली. ती सिन्नरच्या कॉलेजातच होती आणि खुली होती, म्हणजे ज्याला यायचं त्याने येऊन बसावं. खरं तर अशा परीक्षेला विभागातले चार लोक असतात. पण त्या सकाळी कॉलेजच्या फाटकाशी एक काळी-पिवळी जीप थांबली आणि तिच्यातून बुद्धभूषण, संघर्ष, यादवकाका आणि इस्त्रीची पांढरी साडी नेसलेल्या धोंडाबाई उतरल्या.

"आजी, तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब?"

"तुझी परीक्षा हाय ना? मंग बघाय नको?"

परीक्षक मुंबईहून आल्या होत्या. वयस्क, बारीक आवाजाच्या, पण प्रबंधाची पानन् पान वाचलेल्या. संजनाने आपलं म्हणणं मांडलं. बंदर कसं वाढलं, पाणी कसं कमी पडलं, विहारचं धरण कोणी मागितलं, कर कोणावर बसले, नळ आधी कोणाच्या वस्तीत गेला.

बाईंनी चष्मा काढला. "तुमचं पाचवं प्रकरण मला आवडलं. विहिरींना अपायकारक म्हणणारे अधिकारी लोकांचं काही ऐकून न घेता निर्णय घेत होते, हे तुम्ही चांगलं दाखवलंत. पण मला एक सांगा. त्या विहिरी खरंच अपायकारक असतील तर?"

संजनाकडे तयार उत्तर होतं, मार्गदर्शकांनी पाठ करून घेतलेलं. की हा प्रश्न आरोग्यशास्त्राचा आहे आणि प्रबंधाची मर्यादा वेगळी आहे. ते दिलं असतं तर निभावून गेलं असतं.

"तर अधिकाऱ्यांचं पाण्याबद्दल बरोबर होतं," ती म्हणाली. "आणि प्रकरणात मी ते नीट लिहिलेलं नाही, मॅडम. मी लोकांची बाजू घेतली आणि पाण्याकडे बघितलंच नाही. विहीर दूषित असू शकते. लोकांना ती प्रिय असली तरीही असू शकते."

मार्गदर्शकांनी मान खाली घातली. बाई पुढे झुकल्या. "मग तुमच्या निष्कर्षाचं काय करायचं?"

"अर्धा राहतो. पाणी खराब आहे हे एक झालं. ते लोकांना कोणी आणि कसं सांगितलं, हे दुसरं. घाण कुठून येते हे शोधायचं की सरळ विहीर बंद करायची, हे तिसरं. तिथल्या अधिकाऱ्यांना पहिलं कळलं होतं. दुसऱ्या दोन गोष्टींसाठी लोकांबरोबर बसावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा बसले नाहीत. ते बसले असते तर लोक स्वतःच विहीर बंद करा म्हणाले असते, असं मला आता वाटतं. निदान काही ठिकाणी."

"असं कशावरून म्हणता?"

संजनाने मागच्या बाकाकडे बघितलं. "तिकडे बसल्यात त्या आजींनी त्यांच्या मिस्टरांबरोबर विहीर खणली होती. ती खराब निघाली तेव्हा बुजवा असं पहिल्यांदा त्याच म्हणाल्या. मला वाटलं होतं, त्या सगळ्यांत जास्त भांडतील."

बाईंनी वळून बघितलं. धोंडाबाई गोंधळल्या आणि त्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले. "जय भीम."

"जय भीम," बाई म्हणाल्या. "मग बुजवली का?"

"नाय, बाई. हे यादव बुजवू देईनात आता."

यादवकाका खोकले. सगळी खोली हसली, मार्गदर्शकसुद्धा. संजनाही हसली.

त्यांना बाहेर थांबायला सांगितलं. व्हरांड्यात संघर्षने तिच्यासाठी पाण्याची बाटली उघडून दिली. "ताई, तू स्वतःचंच प्रकरण फाडलंस ना?" त्याने हळूच विचारलं.

"हो."

"मला काही सगळं समजलं नाही. पण चांगलं वाटलं ऐकून."

आत बोलावलं तेव्हा बाईंनी उभं राहून हात पुढे केला. "अभिनंदन, डॉक्टर दोंदे. पुस्तक काढाल तेव्हा मात्र पाचव्या प्रकरणात तुम्ही आत्ता जे बोललात ते येऊ द्या. पाच-सहा पानं पुरेत."

बुद्धभूषण मोठ्याने "हां!" म्हणाले आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

परतीच्या जीपमध्ये संजना दोन मिनिटांत झोपली. मोहदरी घाटाची वळणं तिला कळलीही नाहीत. नाशिकरोडजवळ कोणीतरी तिला उठवलं, तेव्हा तिचं डोकं धोंडाबाईंच्या खांद्यावर होतं आणि त्या न हलता ताठ बसून राहिल्या होत्या.

तिसरा निकाल दिवाळीनंतर आला. पाणी चांगलं होतं. तरीही मीटिंगमध्ये ठरलं की एक वर्ष ते धुण्या-भांड्यांना आणि झाडांनाच वापरायचं, दर दोन महिन्यांनी तपासायचं आणि पिण्याचं पुढच्या पावसाळ्यानंतर बघायचं. हे धोंडाबाईंनीच मांडलं. पिंकी तोवर शाळेत जायला लागली होती. तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता आणि ती दिवसभर तक्रार करायची की आपल्यालाच तळलेलं का देत नाहीत.

एका रविवारी दुपारी संजना ती पाच-सहा पानं लिहायला बसली आणि तिच्या लक्षात आलं की आपल्या विहिरीची गोष्ट आपल्याला धड माहीतच नाही. ती वही न घेताच धोंडाबाईंच्या ओट्यावर गेली.

"आजी, विहिरीला पाणी लागलं तो दिवस आठवतो का?"

"आठवतो की. उन्हाळा होता. खाली ओल लागली, मग चिखल झाला, मग हे वरडले, लागलं म्हणून."

"आणि तुम्ही रडलात, असं सगळे सांगतात."

धोंडाबाईंनी तिच्याकडे तिरक्या नजरेने बघितलं. "रडले असंल थोडं. सकाळपास्नं घमेली वाहून मान मोडली होती, तिच्यापायी बी रडले असंल."

"मग काय केलं?"

"काय करायचं? पाणी गढूळ होतं. वस्त्रानं दोनदा गाळलं आन चुलीवर मोठं पातेलं ठेवलं. सगळ्यांस्नी चहा केला. आंघोळ ना काही, तसेच चिखलाचे बसले आन भुरके मारत प्याले."

"उकळून प्यालात म्हणजे," संजना म्हणाली.

धोंडाबाईंना हसू फुटलं, आणि ते थांबेनाच. पदर तोंडाला लावून त्या हसत राहिल्या, मग धाप लागली म्हणून भिंतीला टेकल्या आणि संजनाला म्हणाल्या, "जा, आत दूध हाय. चहा टाक थोडा, माझ्यासाठी बी."